गाण्याला विद्यापीठात नेणारे पंडित भातखंडे

थंडीचे दिवस आले की कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. कोणी नाट्यगीत बसवते, कोणी एकांकिकेतील भाषणे पाठ करते, कोणी घुंगरू बांधून नाचाचे बोल घोकते. मुंबई विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आपल्या महाविद्यालयाचे नाव यावे म्हणून तालमी रंगतात आणि उशीर झाला तर आईबाप स्वतः मुलींना घरी न्यायला येतात. आज ह्यात कोणालाच वावगे वाटत नाही. शाळेतली एखादी मुलगी कल्याण-डोंबिवलीच्या गायनवर्गाला लोकलने जाते, परीक्षा देते, आणि तिचे प्रमाणपत्र घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावले जाते.

परंतु भगिनींनो, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. आपल्या पणजीच्या काळी गाणे शिकलेल्या पुरुषालादेखील शोभत नाही असे समजत. कुलीन घरातल्या बाईने तर देवघरातली आरती, पाळणा आणि जात्यावरची ओवी ह्यांपलीकडे सूर काढू नये, अशी रीत होती. अशा काळात मुंबईच्या एका वकिलाने मनाशी ठरवले की गाणे ही विद्या आहे. आणि विद्या म्हटली की तिला शाळा हवी, पुस्तक हवे, परीक्षा हवी आणि शेवटी विद्यापीठही हवे. त्या वकिलाचे नाव विष्णु नारायण भातखंडे. मंडळाच्या ह्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे योजिले आहे.

विष्णुपंतांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घर मध्यम स्थितीचे, धार्मिक वळणाचे. मुलाचा गळा गोड होता आणि बासरीचाही नाद होता. पण मुलाने शिकून परीक्षा द्याव्यात, हेच घरच्यांचे पहिले मागणे होते आणि मुलाने ते पुरे केले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते १८८५ मध्ये पदवीधर झाले व १८८७ मध्ये वकिलीची परीक्षा उतरले.

त्या वेळचे मुंबई विद्यापीठ कसे होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवणे कॉलेजांकडे असे. इतिहास, गणित, तर्कशास्त्र, संस्कृत, इंग्रजी ह्या विषयांना तेथे मान होता. संगीत हा विषय मात्र नव्हता. विद्यापीठाच्या उंच मनोऱ्याला राजाबाई ह्या एका आईचे नाव दिलेले होते. पण विष्णुपंत पदवीधर झाले तेव्हा त्या विद्यापीठातून एकही स्त्री पदवीधर होऊन बाहेर पडलेली नव्हती. म्हणजे गाणे आणि स्त्री ही दोन्ही त्या दारापाशी बाहेरच उभी होती.

कॉलेजात असतानाच विष्णुपंत वल्लभदास दामुलजी ह्यांच्याकडे सतार शिकू लागले होते. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. ही संस्था मुंबईच्या पारशी गृहस्थांनी १८७० मध्ये काढली होती. दिवसभर आपापला व्यवसाय करून संध्याकाळी गाणे शिकावे व चांगले गाणे ऐकावे, असा तिचा परिपाठ होता. येथे विष्णुपंतांना रावजीबुवा बेलबागकर ह्यांच्याकडून ध्रुपदांची आणि अली हुसेन खाँसारख्या गवयांकडून ख्यालांची तालीम मिळाली. पुढे ते स्वतः तेथे शिकवूही लागले.

शिकवताना त्यांना एक अडचण वारंवार येऊ लागली. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात. अमुक स्वर का घ्यायचा नि अमुक का वर्ज्य करायचा, असे विचारले तर आमच्या घराण्यात असेच चालते, एवढेच उत्तर मिळे. जुने संस्कृत ग्रंथ उघडून पाहावे तर त्यांतले राग नि गवयांच्या गळ्यातले राग ह्यांचा मेळ बसेना. चीज शिकायची ती गुरूच्या मर्जीने, त्याच्या घरी राहून, वर्षानुवर्षे सेवा करून. गुरूने एखादी चीज दिली नाही तर ती त्याच्याबरोबरच जाई. वकिलाची बुद्धी असल्याने विष्णुपंतांना पुराव्यावाचून समाधान नव्हते. त्यांनी पुरावा गोळा करायचे ठरवले.

काही काळ ते कराचीस वकिली करून आले होते. मुंबईतही कामे चालू होती. संसार सुखाचा होता. पण १९०० साली पत्नी वारली आणि १९०३ मध्ये एकुलती एक मुलगीही गेली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे घर असे रिकामे झाले. अशा वेळी कोणी दुसरा संसार मांडतो, कोणी तीर्थयात्रेला निघतो. विष्णुपंतांनी हळूहळू वकिलीतून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले. ते प्रवासाला निघाले, पण वही-पेन्सिल घेऊन.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम् अशी ठिकाणे घेत ते विद्वानांना भेटले व ग्रंथसंग्रह पाहत राहिले. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वेची वाट आपल्या कर्जतवरूनच बोरघाट चढते. आपण रोज पाहतो त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला गाण्याची एक निराळीच, नीट बांधलेली व्यवस्था होती. दक्षिणेत पंडित व्यंकटमखीने सतराव्या शतकात ७२ मेळांची मांडणी केलेली होती. प्रत्येक रागाला आपले कुळ ठरलेले होते. उत्तरेकडच्या गाण्यालाही असे घर बांधून देता येईल, हा विचार विष्णुपंतांच्या मनात ह्या प्रवासाने पक्का केला. पुढे १९०७ मध्ये ते नागपूर, कलकत्ता ह्या बाजूस गेले व १९०८ मध्ये उत्तर हिंदुस्थानात फिरले. कोणास भेटलो, काय विचारले, काय उत्तर मिळाले, ह्याची रोजची टिपणे ते ठेवीत.

गवई मंडळी सहजासहजी चिजा देत नसत, आणि त्यांचे तरी काय चुकले? तीच त्यांची इस्टेट होती. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले धन एका परक्या वकिलाला कागदावर का उतरवू द्यावे? विष्णुपंतांनी कोठे विनवणी केली, कोठे शिष्यत्व पत्करले. रामपूरच्या दरबारात तानसेनाच्या परंपरेतील वजीर खाँ होते. तेथे नवाब हमीद अली खाँ ह्यांचे शागीर्द होऊन त्यांनी ते दार उघडून घेतले. जयपूरच्या महंमद अली खाँ ह्यांच्या घराण्याकडूनही पुष्कळ चिजा मिळाल्या. आज आपण पुस्तक उघडून जी बंदिश गातो, ती बहुधा अशाच एखाद्या मुसलमान गवयाच्या घरातून आलेली असते, हे विसरून चालणार नाही.

१९१० मध्ये त्यांचा श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ निघाला. त्यावर त्यांनी आपले नाव न घालता चतुर पंडित असे टोपणनाव घातले. हिंदुस्थानी संगीत पद्धति हा मोठा ग्रंथ मात्र त्यांनी आपल्या मराठीत लिहिला. गुरू व शिष्य बोलत बसले आहेत अशा धर्तीवर तो चार भागांत आहे. शास्त्रग्रंथ म्हटला की तो संस्कृतात किंवा इंग्रजीत, अशा काळात हिंदुस्थानी संगीताचा एवढा विचार प्रथम मराठीत झाला, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. सर्व रागांची त्यांनी दहा थाटांत वाटणी केली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. काही राग ह्या घरांत नीट बसत नाहीत, अशी टीका तेव्हाही झाली नि आजही होते. तरी नव्याने शिकणाऱ्या मुलीला रागांच्या गर्दीत शिरायला ह्या दहा वाटांचा फार उपयोग होतो.

त्यांनी बसवलेली स्वरलेखनाची रीतही अशीच सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकातील स्वराला खाली टिंब, तार सप्तकातील स्वराला वर टिंब. तालाची सम गुणाकाराच्या चिन्हाने दाखवायची आणि खाली शून्याने. एवढे समजले की चौथी-पाचवीतली मुलगीही बंदिशीचा सांगाडा वाचू शकते. ह्या पद्धतीने त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा छापून खुल्या केल्या.

ह्यावर आक्षेप निघाला की कागदावरून कोठे गाणे येते काय? तो अगदीच खोटा नव्हता. लोणच्याच्या वहीत मीठ-मोहरीचे माप लिहिलेले असते, पण हात बसायला आईच्या शेजारीच उभे राहावे लागते. तथापि वही नसती तर आई गेल्यावर मापही गेले असते. पंडितजींना हे कळत होते. म्हणूनच त्यांचे आवडते शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर बडोद्यास जाऊन थोर गवई फैयाज खाँ ह्यांच्याकडे शिकले. पुस्तक आणि गुरू ही दोन्ही हवीत, असाच त्याचा अर्थ.

आता ग्रंथ झाले, पण विद्यालय कोठे? त्यासाठी आधार मिळाला तो बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांचा. त्यांच्या राज्यात १८८६ पासूनच मौलाबक्ष ह्यांच्या देखरेखीखाली गायनशाळा चालू होती. मार्च १९१६ मध्ये महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गवई, वादक, संस्कृत पंडित, इंग्रजी शिकलेले अभ्यासक प्रथमच एका मांडवाखाली आले. दिवसा शास्त्रावर निबंध नि चर्चा आणि रात्री प्रत्यक्ष गाणे-बजावणे, असा थाट होता. परिषदेत अतिया बेगम फैजी-रहमीन ह्या विदुषीही होत्या. त्यांची बहीण नाझली ही आपल्याच जिल्ह्यातील जंजिऱ्याची बेगम होती. संगीताच्या अखिल भारतीय विद्यालयाचा विचार ह्याच परिषदेत पुढे आला.

ह्याच १९१६ सालच्या जून महिन्यात पुण्यास महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. विद्यापीठाच्या दाराबाहेर जी दोघे उभी होती, त्यांच्यासाठी एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन माणसांनी पायाचा दगड बसवला. ही दोन कामे एकमेकांना मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. पण मिळाली ती अशी की आज ती निराळी काढून दाखवता येत नाहीत.

बडोद्यानंतर परिषद १९१८ मध्ये दिल्लीस, १९१९ मध्ये काशीस आणि १९२४ व १९२५ मध्ये लखनौस भरली. मधल्या काळात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय काढले. तेथे शिकवायचे तर नवी पद्धत आली पाहिजे, म्हणून राजाभैया पूंछवाले आदी गायक मुंबईस पंडितजींकडे येऊन ती शिकून गेले. अखिल भारतीय विद्यालयाचे घोडे मात्र अडून राहिले. पैसा कोणी द्यावा, सत्ता कोणाच्या हाती असावी, कोणाच्या घराण्याला मान, अशा वादांत वर्षे गेली. पंडितजींचा स्वभावही मवाळ नव्हता. अक्षरशत्रू गवयांविषयी त्यांच्या लेखणीतून कडक शब्द उतरत आणि त्याने काही मने दुखावली. विष्णु दिगंबर पलुसकर हेही त्याच काळी संगीतप्रसाराचे मोठे काम करीत होते. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले होते आणि स्त्रियांच्या शिक्षणासही हात घातला होता. परंतु दोघा विष्णूंच्या स्वरलिपी निराळ्या, वाटाही निराळ्या. आपल्याकडील मुली ज्या प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात त्या बहुधा पलुसकरांच्या परंपरेतील मंडळाच्या असतात. एकाने वर्ग गावोगाव नेले, दुसऱ्याने विषयाला ग्रंथ नि अभ्यासक्रम दिला. आज दोघांचेही ऋण आपण एकाच वहीत लिहावे.

अखेर संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली, राय उमानाथ बली इत्यादींच्या साहाय्याने जुलै १९२६ मध्ये लखनौस संगीताचे कॉलेज उघडले. तेथील गव्हर्नरच्या नावावरून त्यास मॅरिस कॉलेज म्हणू लागले. पंडितजींचे वय तेव्हा सहासष्टाच्या घरात होते. ठरलेला अभ्यासक्रम, वर्षवार इयत्ता, लेखी नि प्रत्यक्ष परीक्षा आणि शेवटी विशारदाची पदवी, अशी व्यवस्था गाण्याला लाभली. रातंजनकर थोड्याच वर्षांत तेथे प्राचार्य झाले व त्यांनी हयातभर हे काम पुढे नेले.

१९३३ मध्ये पंडितजींना अर्धांगाचा झटका आला. देशभर फिरलेला माणूस अंथरुणाला खिळला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. तो दिवस गणेशचतुर्थीचा होता. जन्म गोकुळाष्टमीचा आणि मृत्यू गणेशचतुर्थीचा; विद्येच्या उपासकाला ह्याहून चांगले दिवस कोणते असणार?

त्यांच्या मागे काम थांबले नाही. बडोद्याची गायनशाळा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. काशीच्या हिंदु विद्यापीठात १९५० मध्ये संगीताचे महाविद्यालय निघाले, १९६० मध्ये दिल्ली विद्यापीठात संगीताची विद्याशाखा सुरू झाली. १९६१ मध्ये भारत सरकारने पंडितजींचे टपाल तिकीट काढले. लखनौच्या कॉलेजास १९६६ मध्ये त्यांचे नाव मिळाले आणि तेच आता भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले आहे. तेथे शिकलेल्या सुमती मुटाटकर ह्या मराठी विदुषी संगीतातील डॉक्टर झाल्या आणि पुढे दिल्ली विद्यापीठात त्या विद्याशाखेच्या प्रमुखपदी बसल्या. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात १९७९ ते १९९२ ह्या काळात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. प्रभा अत्रे. १९१६ मध्ये दोन ठिकाणी बसवलेले दोन दगड असे एका भिंतीत आले.

पण ह्या इतिहासाचा एक भाग सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. कुलीन घरांत गाणे वर्ज्य होते त्या काळी स्त्रीकंठातली रागदारी जिवंत ठेवली ती पेशाने गाणाऱ्या बायांनी. त्यांचे गाणे समाजाने ऐकले, पण त्यांना ओसरीवर घेतले नाही. भातखंडे ह्यांचे विद्यालय आज लखनौच्या कैसरबागेत परीखान्याच्या ज्या इमारतीत आहे, तेथे नवाब वाजिदअली शाहाच्या वेळी स्त्रियांनाच गाण्या-नाचण्याची तालीम दिली जाई. विद्यालये निघाली आणि गाण्याला प्रतिष्ठा आली, तेव्हा आपल्या मुलींना दार उघडले. ज्यांनी ते धन सांभाळले होते त्या बायांना मात्र त्या प्रतिष्ठेचा वाटा फार थोडा मिळाला. अंजनीबाई मालपेकरांसारख्या थोर गायिकेस १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने आपले सदस्यत्व देऊन गौरविले. पण असा मान किती जणींच्या वाट्याला आला? आपल्या मुलीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावताना त्या अनामिक बायांचीही आठवण ठेवावी.

आणि येथेच पंडितजींच्या चरित्रातून आपल्या मंडळासाठी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ते विद्वान होते, ग्रंथकार होते; पण सर्वांत आधी ते लिहून ठेवणारे होते. एकेक म्हातारा गवई मावळत चालला आहे आणि त्याच्याबरोबर चिजांची गाठोडी चालली आहेत, हे पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्या कर्जत-खालापुरात आज तीच स्थिती आहे. भातलावणीच्या चिखलात उभ्याने म्हटलेली गाणी, गौरीच्या फेरातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, डोंगराकडच्या ठाकर नि कातकरी बायांची गाणी ज्यांना पाठ आहेत, त्या आजीबाई आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. जाती माळ्यावर गेली, शेते बिगरशेती झाली. गाणी कोठे ठेवली आहेत?

वर्गात सा रे ग म शिकलेल्या आपल्या मुली हे काम करू शकतात. शब्द लिहावेत, खाली पंडितजींच्या रीतीने स्वर मांडावेत, जमल्यास आवाजही टिपून ठेवावा. आजीबाईची परवानगी घ्यावी आणि गाण्याशेजारी तिचे नाव व गाव न चुकता लिहावे. म्हणजे आपल्या वहीत तरी गाणारीण अनामिक राहणार नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात मुलींनी त्यातलेच एखादे गाणे गावे आणि ज्या आजीबाईने ते दिले तिला पहिल्या रांगेत बसवावे. गाण्याला विद्यापीठात नेण्यासाठी पंडितजींनी सारे आयुष्य वेचले. त्यांच्या कामाचा एवढा छोटा वाटा उचलण्यास आपल्या मंडळाने ह्याच वर्षी एक कोरी वही आणून आरंभ करावा, अशी सर्व भगिनींना विनंती आहे.